कॉन्फेडरेट शिपायाचा माग कसा काढावा

जून १८६५. मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या छावणीतून युद्धकैदी सोडले जात आहेत. कारकून एकेकाला पुढे बोलावतो, त्याच्याकडे बघतो आणि लिहितो: वर्ण गोरा, केस काळसर, डोळे निळे, उंची ५ फूट ८ इंच. आमच्या जावयाच्या खापरपणजोबांचं एवढंच वर्णन शिल्लक आहे. फोटो नाही, पत्र नाही. माझ्या नातीने ती ओळ वाचली आणि ओट्याशी उभ्या असलेल्या आपल्या बाबाकडे बघत राहिली. त्याचेही डोळे निळेच आहेत.

नात तेव्हा सातवीत होती. शाळेने दोन्हीकडच्या घराण्यांची माहिती आणायला सांगितली होती. माझ्या बाजूचं काम एका संध्याकाळीत झालं, कारण आमचा छापील कुलवृत्तान्त आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही आहे. जावयाच्या बाजूला फक्त एक ऐकीव गोष्ट होती: आमचे पूर्वज कॉन्फेडरेट सैन्यात कॅप्टन होते, पहिल्याच दिवशी स्वखुशीने भरती झाले. ती गोष्ट तपासण्यात माझं दीड वर्ष गेलं. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांच्या सोयरिकी आता जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेक्सासच्या जुन्या घराण्यांशीही जुळतात. ज्यांच्यावर हे काम येईल त्यांचे तरी ते दीड वर्ष वाचावे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

थोडी पार्श्वभूमी. गुलामगिरी टिकवण्यासाठी १८६०-६१मध्ये दक्षिणेकडची ११ राज्यं अमेरिकी संघराज्यातून फुटली आणि त्यांनी आपलं वेगळं सरकार स्थापलं. त्याच्या सैनिकांना कॉन्फेडरेट म्हणतात. एप्रिल १८६१मध्ये सुरू झालेलं हे यादवी युद्ध ती राज्यं १८६५मध्ये हरली. या हरण्याचा आपल्या शोधाशी थेट संबंध आहे. ज्या सरकारसाठी हा माणूस लढला ते सरकारच उरलं नाही, त्यामुळे त्याचे कागद एका जागी नाहीत. काही वॉशिंग्टनला गेले, काही राज्याकडे राहिले, काही जळाले.

आधी गाव, मग नाव

नवखा माणूस पहिली चूक करतो ती हीच की नाव टाकून शोधायला बसतो. मीही तेच केलं. त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा एक शिपाई मिळाला. मी त्याच्या लढाया वाचल्या, त्याची जखम वाचली, हळहळले. दोन महिन्यांनी कळलं की तो माणूस दीडशे मैलांवरच्या काउंटीतला होता आणि आमचा त्याचा काही संबंध नव्हता. सातारा जिल्ह्यात ‘शंकर जाधव’ शोधायला निघावं तसं हे आहे. गाव माहीत नसेल तर शंभर भेटतील आणि एकही आपला नसेल.

म्हणून सुरुवात आजच्या पिढीपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्या आईवडिलांची नावं असतात. तिथून जनगणनेत उतरा. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव तिच्यात येतं. १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही मिळतात. १८९०ची जनगणना १९२१च्या आगीत जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे १८८०वरून १९००वर उडी मारावी लागते. ही वीस वर्षांची खिंड ओलांडताना मुलांची नावं आणि वयं जुळवून बघा, नाहीतर दुसऱ्याच घरात शिराल.

१९१०च्या जनगणनेकडे मुद्दाम लक्ष द्या. तिच्या शेवटच्या काही रकान्यांत यादवी युद्धातल्या सेवेची नोंद आहे: कॉन्फेडरेट सैन्यासाठी ‘सीए’, नौदलासाठी ‘सीएन’, उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्यासाठी ‘यूए’. तुमचा माणूस तोवर जिवंत असेल तर या दोन अक्षरांत अर्धं काम होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १८६०च्या जनगणनेत तो कुठल्या काउंटीत राहत होता ते पक्कं करा. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग. ती मिळेपर्यंत लष्करी कागदांना हात लावू नका. वयही तिथेच कळतं. एप्रिल १८६२मध्ये कॉन्फेडरेट सरकारने १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांना सक्तीने सैन्यात घेण्याचा कायदा केला, त्याच वर्षी वरची मर्यादा ४५ केली आणि फेब्रुवारी १८६४मध्ये १७ ते ५० इतकी ताणली. १८६०मध्ये साधारण १२ ते ४६ वयाचा प्रत्येक गोरा पुरुष तुमच्या यादीत असायला हवा, त्याचे भाऊसुद्धा.

पलटण कोणती

एका पलटणीत, म्हणजे रेजिमेंटमध्ये, सहसा दहा कंपन्या आणि कागदावर साधारण हजार माणसं असत. कंपन्यांना ‘ए’ ते ‘के’ अशी अक्षरं, मधलं ‘जे’ वगळलेलं, कारण हातानं लिहिताना ते ‘आय’सारखं दिसे. कंपनी बहुतेक वेळा एकाच काउंटीतून उभी राही. भाऊ, मेहुणे, शेजारचे शेतकरी एकाच हजेरीपटावर सापडतात. त्यामुळे काउंटी कळली की कंपनीचा अंदाज बांधता येतो, आणि एक भाऊ सापडला की दुसऱ्याची वाट दिसते.

नावांची सगळ्यात सोयीची यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या मिळून सुमारे ६३ लाख नोंदी तिच्यात आहेत. मात्र ही नोंदींची संख्या आहे, माणसांची नाही. एकच माणूस दोनदा-तीनदा येतो, कधी पूर्ण नावाने, कधी नुसत्या आद्याक्षरांनी, कधी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेल्या आडनावाने. आडनावाची सुचतील तितकी स्पेलिंगं कागदावर मांडा आणि प्रत्येक टाकून बघा. जुळणारी सगळी नावं लिहून घ्या आणि मग कंपनी कुठल्या काउंटीतली ते बघून गाळत जा.

क्रमांकांनी मात्र फसू नका. आमच्या शिपायाच्या राज्यात, नॉर्थ कॅरोलायनात, १८६१मध्ये दोन प्रकारच्या पलटणी होत्या, स्टेट ट्रूप्स आणि व्हॉलंटियर्स. दोन्हीकडे ‘चौथी’ होती. वर्ष संपण्याआधी व्हॉलंटियर पलटणींच्या क्रमांकात दहा मिळवले गेले आणि चौथी व्हॉलंटियर्स झाली चौदावी. घरच्या बायबलमध्ये कुणी ‘चौथी पलटण’ असं लिहून ठेवलं असेल तर ती कुठली चौथी, हे तारखेवरून ठरवावं लागतं. या राज्याने १९६६पासून कंपनीवार नावांचे जाडजूड खंड छापले आहेत आणि मोठ्या वाचनालयांत ते असतात. मला ते संगणकापेक्षा बरे वाटले, कारण पान उलटलं की शेजारीपाजारीही दिसतात.

एक गोष्ट आवर्जून करा. उत्तरेच्या सैन्याची यादीही बघा. दक्षिणेतले सगळे गोरे पुरुष कॉन्फेडरेट नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातूनच उत्तरेच्या बाजूने लढलेल्या गोऱ्या पलटणी होत्या. आणि कैदेत असताना निष्ठा बदलून उत्तरेच्या सैन्यात शिरलेले कॉन्फेडरेटही होते. त्यांना पश्चिमेकडच्या सरहद्दीवर पाठवलं गेलं. घरात हे कुणी सांगितलेलं नसतं.

सेवेची नोंद म्हणजे काय, आणि ती कशी वाचायची

२ एप्रिल १८६५च्या रात्री कॉन्फेडरेट सरकारने राजधानी रिचमंड सोडली. शहराला आग लागली आणि तिच्यात पुष्कळ कागद गेले. लष्करी दप्तराचा मोठा भाग मात्र आधीच आगगाडीने हलवला होता. तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला पोहोचला, आणि तिथे जनरल सॅम्युएल कूपर यांनी तो न जाळता उत्तरेच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केला. पुढे १९०३मध्ये वॉशिंग्टनच्या युद्ध खात्याने ते कागद, राज्यांकडून मागवलेले हजेरीपट, इस्पितळांच्या वह्या, तुरुंगांच्या याद्या असं सगळं समोर घेतलं आणि कारकुनांना बसवून प्रत्येक शिपायाची प्रत्येक नोंद एकेका कार्डावर उतरवायला लावली. हे काम १९२७पर्यंत चाललं. एका शिपायाची सगळी कार्डं एका पाकिटात. इंग्रजीत त्याला कंपाइल्ड मिलिटरी सर्व्हिस रेकॉर्ड म्हणतात, आणि शोधताना हेच नाव वापरावं लागतं.

ही पाकिटं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा फोल्ड थ्री या संकेतस्थळावर दिसतात. तिथे वर्गणी लागते, पण अनेक सार्वजनिक वाचनालयांत ते वाचकांना मोफत उघडून देतात. आधी वाचनालयात विचारा, मग पैसे भरा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर नुसतं खातं उघडलं तरी बरंच काही फुकट मिळतं.

आता कार्ड समोर घ्या. वर आडनाव, कंपनीचं अक्षर, पलटण, हुद्दा. खाली कुठल्या दोन महिन्यांच्या हजेरीपटावरून हे उतरवलं ते, कारण हजेरीपट दर दोन महिन्यांनी होत असे. मग भरती कधी, कुठे, कुणी केली, किती मुदतीसाठी. शेवटचा पगार कुठल्या तारखेपर्यंतचा मिळाला. हजर की गैरहजर. आणि तळाशी शेरा.

आमच्या पाकिटात अकरा कार्डं निघाली. पहिल्यावर हुद्दा: प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. भरती: जुलै १८६२, कॅम्प होम्स. ही रॉलीजवळची सक्तीच्या भरतीची छावणी. कॅप्टनही नाही, पहिला दिवसही नाही, स्वखुशीही नाही. युद्धानंतर म्हाताऱ्या सैनिकांना गावात मानाने ‘कॅप्टन’, ‘कर्नल’ म्हणत, त्यातून ही गोष्ट तयार झाली असावी. जावई थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आई, म्हणजे त्यांना जायचं नव्हतं का?’ कार्ड या प्रश्नाचं उत्तर देत नाही. सक्तीच्या कायद्यानंतर दाखल झालेला माणूस मनाने कुठल्या बाजूचा होता, हे एका तारखेवरून ठरवू नये.

शेरे घाई न करता वाचा. १८६३च्या शरद ऋतूतल्या कार्डावर आमच्या माणसापुढे ‘रजेशिवाय गैरहजर’ असं आहे आणि पुढच्या कार्डावर पुन्हा ‘हजर’. पिकं काढायच्या दिवसांत असं खूप शिपायांच्या बाबतीत दिसतं. घरी बायको एकटी, मका उभा, पगार महिनोन् महिने थकलेला. माणूस जाई, काम उरकून परत येई. ‘पळून गेला’ असा शेरा मिळाला तरी पुढची कार्डं बघितल्याशिवाय थांबू नका. तो इस्पितळात असे, शत्रूच्या हाती सापडलेला असे, आणि हजेरी घेणाऱ्याला ते ठाऊक नसे. खराच पळून गेलेला असेल तर तेही लिहा. आपल्या पूर्वजाला सोज्वळ करण्यासाठी कार्ड गाळू नये.

पाकीट अगदीच रिकामं निघालं तर दोन ठिकाणं बघायची राहतात. ज्या चिठ्ठ्या कुठल्याच पाकिटात बसल्या नाहीत त्यांचा वेगळा संच आहे. आणि होमगार्ड किंवा मिलिशिया, म्हणजे राज्याची स्थानिक नागरी सेना, यांत असलेल्या माणसाची नोंद वॉशिंग्टनला सापडतेच असं नाही, ती राज्याच्या अभिलेखागारात असते. जॉर्जियात १८६४मध्ये मिलिशियासाठी घरोघरच्या पुरुषांची वेगळी गणतीच केली होती, तिचा फार उपयोग होतो.

कैदेचे कागद

कैदी झालेल्या शिपायाची माहिती सगळ्यात जास्त मिळते, कारण त्याच्या याद्या जिंकणाऱ्या बाजूने ठेवल्या आणि त्या शाबूत राहिल्या. कुठे पकडला, कुठल्या तुरुंगात नेला, कधी सुटला, आणि सुटताना निष्ठेची शपथ घेतली असेल तर ते वर्ण-केस-डोळे-उंचीचं वर्णन. पॉइंट लुकआउट, शिकागोचा कॅम्प डग्लस, अधिकाऱ्यांसाठी ओहायोतला जॉन्सन्स आयलंड, डेलावेअरचा किल्ला, न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा ही नावं परत परत भेटतील.

एल्मायराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे वर्षभरात सुमारे १२,००० कैदी आले आणि त्यातले जवळजवळ ३,००० थंडीने, देवीने, हगवणीने मेले. त्यांना पुरण्याचं काम जॉन डब्ल्यू. जोन्स यांच्याकडे होतं. ते स्वतः व्हर्जिनियातून गुलामगिरीतून पळून आलेले. जे सैन्य त्यांच्या लोकांना गुलाम ठेवण्यासाठी लढत होतं, त्याच्या प्रत्येक मृत शिपायाचं नाव, कंपनी, पलटण त्यांनी लिहून ठेवली आणि कबरीवर खूण केली. आज वुडलॉन दफनभूमीत जवळजवळ प्रत्येक दगडावर नाव आहे ते त्यांच्यामुळे. तिथे कुणाचा पूर्वज सापडला तर त्या कुटुंबाने जोन्स यांचं नाव आपल्या वंशावळीच्या वहीत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेन्शन कुठे शोधायची

इथे बहुतेक जण अडकतात. केंद्र सरकारचं लष्करी पेन्शन उत्तरेच्या सैनिकांना होतं. कॉन्फेडरेटांना पेन्शन दिलं ते राज्यांनी, आपापल्या तिजोरीतून, आपापल्या कायद्याने: नॉर्थ कॅरोलायना १८८५, व्हर्जिनिया १८८८, टेनेसी १८९१, टेक्सास १८९९. अर्ज करताना माणूस जिथे राहत होता त्या राज्याकडे अर्ज होई, ज्या राज्याकडून लढला तिथे नाही. जॉर्जियाचा शिपाई युद्धानंतर टेक्सासला गेला असेल तर फाइल ऑस्टिनला मिळेल. ओक्लाहोमा तर युद्धाच्या वेळी राज्यही नव्हतं, पण १९१५पासून त्यानेही पेन्शन दिलं.

सेवेच्या कार्डात शिपाई दिसतो, पेन्शनच्या अर्जात माणूस दिसतो. जखम कुठे, आता काय काम जमतं, जमीन किती, गुरं किती, सोबत लढलेल्या दोघांची साक्ष, डॉक्टरचा दाखला. विधवेचा अर्ज असेल तर लग्नाची तारीख आणि नवऱ्याच्या मृत्यूची तारीखही. पाकिटात काहीच नसेल तर पेन्शनवरून उलटं जा, कारण अर्जात कंपनी आणि पलटण स्वतः अर्जदाराने सांगितलेली असते. फक्त लक्षात ठेवा, तो चाळीस वर्षांनंतर आठवून सांगतोय, तेव्हा तारखा कार्डाशी पडताळा.

आमचा अर्ज १९०१च्या कायद्याखालचा. शेवटी सहीच्या जागी फुली आहे. फुलीच्या वर कारकुनाने ‘त्याची’ आणि खाली ‘खूण’ असं लिहिलंय. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर ‘निशाणी डावा अंगठा’ असतं, अगदी तसंच. त्यांनी पाठवलेलं एकही पत्र घरात का नाही, ते त्या फुलीने सांगितलं.

टेनेसीत मूळ असेल तर एक ठेवा आणखी आहे. १९१४-१५ आणि १९२०-२२ या काळात त्या राज्याने म्हाताऱ्या सैनिकांना लांबलचक प्रश्नावल्या पाठवल्या आणि सोळाशेहून अधिक जणांनी उत्तरं दिली. घर ओंडक्यांचं होतं की फळ्यांचं, बापाकडे गुलाम होते का, आई दिवसभर काय काम करी, असे प्रश्न. तुमचा माणूस त्यात सापडला तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच.

श्रीमंत घराणं असेल तर माफीचे अर्जही बघा. मे १८६५मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सर्वसाधारण माफी जाहीर केली, पण २०,००० डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागला. त्या अर्जांत माणसं स्वतःबद्दल खूप लिहितात, अर्थात माफी मिळावी म्हणून लिहितात.

ज्यांची नावं लिहिली नाहीत

हा भाग टाळू नका. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. मालकाचं नाव, आणि त्याखाली फक्त वय, लिंग, वर्ण. नाव नाही. आमच्या शिपायाच्या वडिलांकडे कुणी नव्हतं. त्यांच्या सख्ख्या काकांच्या नावाखाली मात्र तीन ओळी आहेत: ३४ वर्षांची स्त्री, ११ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी. मी ते नातीला दाखवावं की नाही यावर घरात बराच वाद झाला. जावयानेच सांगितलं, दाखवा.

कॉन्फेडरेट सरकारने तटबंदी बांधायला, इस्पितळांत, खाणींत गुलामांना राबवलं, त्याचे हजारो पगारपट राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर आणले आहेत. त्यांत राबणाऱ्यांची नावं आहेत आणि पैसे घेणाऱ्या मालकांच्या सह्या. तुमच्या घराण्याचं आडनाव मालकाच्या रकान्यात शोधा. त्या ओळीतलं पहिलं नाव कुणाच्या तरी खापरपणजोबांचं आहे आणि त्या घरातलं कुणीतरी आज ते शोधत असेल. नॉर्थ कॅरोलायनातून मुक्त झालेले कित्येक जण उत्तरेच्या ३५, ३६ आणि ३७ क्रमांकाच्या कृष्णवर्णीय पलटणींत दाखल झाले. त्यांच्या केंद्रीय पेन्शनच्या फायलींत अनेकदा जुन्या मालकाचं नाव येतं. दोन घराण्यांचे कागद तिथे जुळतात. १८६४मध्ये पॉइंट लुकआउटवर कैद्यांच्या पहाऱ्याला ३६वी पलटण होती.

कागद जपताना

प्रत्येक प्रतिमा उतरवून घेतली की लगेच तिच्या नावात पलटण, कंपनी आणि कुठून घेतली ते घाला. मी सुरुवातीला ‘कार्ड १’, ‘कार्ड २’ असं ठेवलं आणि त्या दुसऱ्याच काउंटीतल्या माणसाची चार कार्डं आमच्या माणसाच्या पाकिटात मिसळली. वंशावळीत एखादी गोष्ट लिहिताना शेजारी लिहा की ती कागदावरची आहे की आजीने सांगितलेली. दोन्ही ठेवा, एकमेकांत कालवू नका. राज्याच्या अभिलेखागाराला पत्र लिहायचं असेल तर पूर्ण नाव, १८६०मधली काउंटी, जन्माचं अंदाजे वर्ष आणि मृत्यूचं ठिकाण एवढं द्या. एवढ्यावर तिथली माणसं मनापासून शोधून देतात, हा माझा अनुभव.

कबर शोधायला जाल तेव्हा सरकारने दिलेला कॉन्फेडरेट दगड वरून टोकदार असतो, उत्तरेच्या सैनिकाचा गोलसर. आमचा एका जुन्या चर्चमागे, सीडरच्या झाडाखाली आहे. दगडावर ‘प्रायव्हेट’ असं स्वच्छ कोरलेलं आहे. ते तिथे कायमच होतं, पण घरातलं कुणी गेल्या पन्नास वर्षांत तिकडे गेलं नव्हतं.